सेल्फ घेत नाही

“मिस्त्री, सेल्फ घेत नाही.” किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टरचं इंजिन जागचं हललं नाही की शेतकरी फोनवर एवढंच सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावचे ऑटो इलेक्ट्रिकवाले मिस्त्री त्यावर विचारतात, “आवाज काय येतोय, तात्या?” एकच टक्क, की टकटकटक असा पाठोपाठ, की काहीच नाही? ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा आणि बॅटरी किती जुनी हे त्यानंतर. आवाजाचं उत्तर मिळालं की पिशवीत काय भरायचं ते ठरतं.

मार्केट यार्डाच्या रस्त्याला दहा बाय बाराचा त्यांचा गाळा आहे. दारात लाकडी फळीवर बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, त्यांची बुचं उघडी, आत बारीक बुडबुडे. टेबलाच्या शिकंज्यात एखादं सेल्फ आवळलेलं. भिंतीवर खिळ्यांना कार्बनचे जोड, बुश, फ्यूजच्या माळा. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ हा रीतसर अभ्यासक्रम आहे, पण मिस्त्री शिकले ते त्यांच्या उस्तादाच्या हाताखाली, आधी टर्मिनल घासत आणि बॅटऱ्यांत पाणी भरत. हा लेख त्यांच्या कामाविषयी आहे. शेतकरी या कामाची किंमत फार कमी करतो असं मला वाटतं, आणि त्या चुकीचे पैसे मी स्वतः भरले आहेत.

आधी यंत्र समजून घेऊ. साध्या डिझेल ट्रॅक्टरचं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज उरत नाही. पेट्रोलच्या इंजिनासारखी त्यात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबानेच ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण तो पहिला दाब द्यायला इंजिन कुणीतरी फिरवावं लागतं. पूर्वी ते काम हँडल मारून व्हायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९११ साली मोटारगाडीसाठी विजेवर चालणारा स्टार्टर यशस्वी केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. आपण ज्याला सेल्फ म्हणतो तो त्याचाच वंशज. जाडजूड मोटर, तिच्या टोकाला नऊ-दहा दातांची छोटी पिनियन, आणि समोर शंभराहून जास्त दातांची फ्लायव्हीलची कडी. छोट्या चक्राने मोठं फिरवायचं, तेही दाबलेल्या हवेच्या विरोधात.

या कामाला करंट लागतो तो दोनशे ते चारशे अँपिअर. हेडलाइटचा एक बल्ब पाच अँपिअरवर भागतो. “लाइट तर झकास लागतोय, मग बॅटरी कशी खराब असेल?” हा प्रश्न मिस्त्रींना रोज ऐकावा लागतो, आणि त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. जोड किंचित ढिला किंवा गंजलेला असला, त्यात ओहमच्या शंभराव्या हिश्श्याएवढा अडथळा असला, तर बल्बच्या पाच अँपिअरला तो जाणवतही नाही. व्होल्टचा विसावा भाग कमी होतो इतकंच. त्याच जोडातून दोनशे अँपिअर न्यायचे म्हटले तर दोन व्होल्ट वाटेतच संपतात. बाराच्या बॅटरीत दोन म्हणजे सहावा हिस्सा. तो जिरतो उष्णतेत, आणि जोड तापतो. म्हणून सेल्फ मारून झाल्यावर मिस्त्री आधी जोडांना जपून बोटं लावतात. जो गरम लागेल तो गुन्हेगार.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस. रानाला वापसा आलेला, पेरणीयंत्र जोडून ठेवलेलं, आणि पहाटे सेल्फ घेईना. टक्क आवाज, मग इंजिन अर्धा वेढा कण्हत फिरायचं आणि थांबायचं. वापसा दोन-चार दिवसांचा पाहुणा. रान वाळलं की बी उगवत नाही. घाईत मी नवी बॅटरी आणली. दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला, मी सुटलो असं समजलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. मग एका गॅरेजात सेल्फ खोलून घेतलं. कार्बन बदलले, बुश बदलले. पुन्हा दुपारी चालू, पहाटे बंद. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि बॅटरीचाही जोर कमी होतो. दुपारचं ऊन दोष झाकत होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या पहाटे मिस्त्री आले. पिशवीतून त्यांनी फक्त मीटर काढलं, पाना काढलाच नाही. नुसत्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मग मला सीटवर बसवलं, ट्रॅक्टर न्यूट्रलला आहे ना हे स्वतः गियर हलवून पाहिलं, इंजिनाचा स्टॉप ओढून ठेवायला सांगितला आणि म्हणाले, “तात्या, मी म्हटलं की मारा सेल्फ, पाच मोजेपर्यंत.” सेल्फ मारताना बॅटरीवर ११.४ राहिले. चांगली बॅटरी अशा वेळी दहा-साडेदहापर्यंत खाली येते. “बॅटरी दमतच नाही,” ते म्हणाले, “म्हणजे तिच्यातून माल बाहेर जात नाही.”

मग मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. सेल्फ मारला: ०.३. ठीक, अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. नंतर एक तार निगेटिव्ह खांबावर, दुसरी सेल्फच्या लोखंडी अंगावर. काटा थेट ३.१ वर गेला. बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या अंगापर्यंतच्या वाटेवर तीन व्होल्ट हरवत होते, आणि सेल्फच्या वाट्याला जेमतेम आठ येत होते.

ती वाट म्हणजे अर्थची पट्टी. बॅटरीच्या पेटीखालून निघून हाउसिंगला एका बोल्टने आवळलेली, विणलेल्या तांब्याची. बोल्ट काढला तर खाली रंगाचा थर, त्यावर गंज, त्यात चिखल आणि वाळलेलं ग्रीस. पट्टीचं टोक हिरवं पडलेलं. मिस्त्रींनी कानशीने लोखंड चकाकेपर्यंत घासलं, पट्टीच्या टोकाला पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन फासलं, पुन्हा ओल शिरू नये म्हणून. पुढच्या वेळी मीटरवर ०.२ आणि बॅटरी १०.४ वर, आता ती खरंच काम करत होती. स्टॉप आत ढकलला आणि इंजिन पहिल्या हिसक्याला सुरू झालं. सगळं मिळून वीस मिनिटं. नवी बॅटरी आणि सेल्फची दुरुस्ती मिळून माझे जे पैसे गेले, त्यांची गरजच नव्हती.

त्या दिवसापासून मी दुकानात बसून त्यांचं काम बघत आलो. फोनवर ते विचारतात ते तीन आवाज आता मलाही थोडेफार कळतात.

टकटकटक हा आवाज सोलेनॉइडचा. सेल्फच्या पाठीवर बसलेल्या या डबीत दोन गुंडाळ्या असतात. एक जोरात ओढणारी, दुसरी धरून ठेवणारी. ओढलं की आतली तांब्याची चकती मोठे संपर्क जोडते आणि मोटर करंट मागते. बॅटरी उतरलेली किंवा जोड कच्चा असेल तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, धरणारी गुंडाळी सोडून देते, संपर्क तुटतो. व्होल्टेज परत चढतं, पुन्हा ओढ. असं सेकंदात कितीतरी वेळा. इथे सेल्फ खोलायचं कारण नाही. बॅटरी आणि जोड बघायचे.

एकच ठाम टक्क आला तर मिस्त्री हेडलाइट लावायला सांगतात आणि पुन्हा सेल्फ मारायला लावतात. लाइट एकदम मंद झाला तर करंट ओढला जातोय. मोटर अडकली असेल किंवा बॅटरीत दम नसेल. लाइट तसाच लख्ख राहिला तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाही: आतले संपर्क जळालेले, नाहीतर कार्बन झिजून टेकेनासे झालेले.

आणि काहीच आवाज नाही, तेव्हा बारीक वायरचा माग. किल्ली, फ्यूज, क्लचचा किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच आणि शेवटी सोलेनॉइडचं बारीक टर्मिनल. इथे मिस्त्रींचं हत्यार म्हणजे दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा बल्ब. एक टोक अर्थला, दुसरं एकेका जोडाला. किल्ली फिरवल्यावर जिथे बल्ब लागत नाही त्याच्या अलीकडे दोष. गोठ्यात उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि क्लच पूर्ण दाबला नव्हता एवढंच कारण निघालेलंही पाहिलं आहे. इंजिन जोरात फिरतं पण सुरू होत नाही, ही तक्रार वेगळी; तिथे डिझेल येतंय का आणि स्टॉप ओढलेला राहिलाय का ते बघायचं, सेल्फला हात लावायचा नाही.

बॅटऱ्या मरतात त्या बहुतेक आपल्या हाताने. पाणी प्लेटांच्या खाली जातं, पंख्याचा पट्टा ढिला राहतो आणि आल्टरनेटर बॅटरी नीट भरत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर नवी बॅटरीही महिन्याभरात उतरेल. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर मोठाले स्पीकर लावतात. इंजिन बंद ठेवून वीस अँपिअरचा अँप्लिफायर दोन तास वाजला तर चाळीस अँपिअर-अवर गेले. ट्रॅक्टरची बॅटरी साधारण पंचाहत्तर ते शंभरची असते. कारखान्याच्या काट्यावर नंबर लागल्यावर सेल्फ घेत नाही, त्यात नवल नाही.

नव्या ट्रॅक्टरांनी हे काम अवघड केलं आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे प्रदूषण मानक लागू झालं, आणि त्यांत संगणकाच्या हुकमाने डिझेल फवारणारी इंजिनं आली. त्यांना फिरत राहायलाही वीज लागते. बॅटरी पूर्ण मेली असेल तर असा ट्रॅक्टर उतारावरून सोडून सुरू होत नाही. जुनी एक सवयही आता महाग पडते: चालू ट्रॅक्टरची बॅटरी काढून दुसऱ्याला लावायची. आल्टरनेटरवर बॅटरीविना भार पडला की त्याचे डायोड जळू शकतात, आणि संगणकही जाऊ शकतो. मिस्त्रींनी आता या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर घेतलाय, मुलगा तो चालवतो. पण स्कॅनर जोडण्याआधीही ते टर्मिनल हलवून बघतात.

एक गोष्ट मात्र ते कुणाला करू देत नाहीत, आणि तीच आपल्याकडे सर्रास चालते. सेल्फ घेत नसेल तर खाली चाकाजवळ उभं राहून पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडायचे. ठिणगी उडते, सेल्फ फिरतो, आणि माणसाला वाटतं जमलं. पण त्या वेळी किल्ली आणि क्लचचा स्विच, दोन्ही टाळलेले असतात. ट्रॅक्टर गियरमध्ये राहिला असेल तर तो इंजिन सुरू होताच पुढे जातो, आणि मागचं चाक नेमकं आपल्या पुढ्यात असतं. बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. माणसं अशीच गेली आहेत.

वापसा यायच्या आठ दिवस आधी बॅटरीचे दोन्ही जोड आणि अर्थची पट्टी सोडून घासून घ्या. सोडताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. तरीही एखाद्या पहाटे सेल्फ घेतलं नाही, तर मिस्त्रींना फोन करा आणि ते येईपर्यंत थांबा. खाली उभं राहून पान्याने सेल्फ मारू नका, आणि घरातल्या पोरांनाही मारू देऊ नका.