मकबऱ्यामागच्या डोंगरावर

आमच्या गल्लीतील एक आजी वर्षानुवर्षे एकच मागणे मागत होत्या, “मला औरंगाबादची लेणी दाखवा रे.” आम्ही दरवर्षी हो म्हणायचो आणि दरवर्षी काही तरी आडवे यायचे. मागील हिवाळ्यात एका शनिवारी रात्री अखेर आम्ही चौदा जण लातूरच्या स्टँडवर जमलो. आजींना पंचाहत्तरी उलटल्यामुळे एसटीचा प्रवास फुकट आणि इतर बायाबापड्यांना अर्धे तिकीट. त्यामुळे जयभीम घालताना सगळ्याच जणी खुशीत होत्या.

आजींच्या या मागणीमागे एक गोष्ट आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. आजींचे मालक तेव्हा तरणेबांड होते. पुढे नामांतराच्या सत्याग्रहात ते तुरुंगातही जाऊन आले. ते म्हणायचे, “नाव लागू दे, मग तुला लेणीवर नेतो.” औसा तालुक्यातले त्यांचे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात जमीनदोस्त झाले. मालक गेले, धाकटा मुलगा गेला. विद्यापीठाला नाव लागले १४ जानेवारी १९९४ ला. साडेतीन महिन्यांचे अंतर.

सकाळी छत्रपती संभाजीनगरला उतरलो. रिक्षावाला म्हणाला, “मंदिरात जायचं का, डोंगरावरच्या?” आमच्यातल्या एका ताईने त्याला तिथेच अडवले, “मंदिर नाही दादा, लेणी. विहार आणि चैत्य.” हा फरक बारीक वाटतो, पण तो मुलांना सांगितलाच पाहिजे. इथे भिक्खू राहत होते, पावसाळ्यात वर्षावास करीत होते, शिकवीत होते. खडकात खोदलेल्या त्यांच्या अंधाऱ्या खोल्या अजूनही पाहायला मिळतात. आमची माणसे गाड्या करून अजिंठा-वेरूळला जातात आणि बीबी का मकबऱ्याच्या मागे, शहराला खेटून असलेली ही लेणी मात्र राहून जातात. विजयादशमीला इथे गर्दी होते, ती वेगळी.

पायऱ्या चढताना आजी चार वेळा बसल्या. वर आल्यावर मागे वळून पाहिले तर मकबऱ्याचा पांढरा घुमट आणि पसरलेले शहर. लेणी डोंगराच्या अंगाला वेगवेगळ्या गटांत आहेत. पहिल्या गटात १ ते ५, दुसऱ्यात ६ ते ९, मधे बरेच चालावे लागते. चौथे लेणे सर्वांत जुने, सातवाहन काळातले. तेच इथले चैत्यगृह. आत स्तूप, वर दगडातच कोरलेल्या कमानदार फासळ्या, जणू लाकडाचे छप्पर. बाकीची बहुतेक पाचव्या ते सातव्या शतकातली.

तिसऱ्या लेण्यात मात्र आम्ही तासभर होतो. नक्षीदार खांबांच्या मंडपातून गाभाऱ्यात गेलो. समोर पाय खाली सोडून बसलेले भगवान बुद्ध. आणि त्यांच्या पुढ्यात, दोन्ही बाजूंना, गुडघे टेकून बसलेली माणसे! स्त्रिया, पुरुष, कोणाचे हात जोडलेले, कोणाच्या हातात हार. माणसाएवढ्या उंचीच्या या मूर्ती अंधारात पहिल्यांदा दिसल्या तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. ती कोण होती हे दगड सांगत नाही. आजी सावकाश खाली बसल्या आणि त्या रांगेच्या शेवटी स्वतःच हात जोडून राहिल्या.

मग त्यांनी पिशवीतून मेणबत्ती काढली. चौकीदार धावत आला, “आत दिवा लावता येणार नाही.” आमची पोरे त्याच्यावर चवताळली. आमचेच लेणे आणि आम्हालाच बंदी! आम्ही चौकीदाराची बाजू घेतली, हे आजही काहींना पटलेले नाही. पण काजळी दगडात मुरली की निघत नाही, आणि रंगवलेल्या भिंतींचे धुराने काय होते ते आपण इतर ठिकाणी पाहिले आहे. तेवढ्यात ज्या पोराचा आवाज सर्वांत मोठा होता, तोच खांबाआड किल्लीने आपले नाव खरवडण्याच्या बेतात सापडला. त्याला आम्ही चारचौघांत झापले. आजींनी मेणबत्ती मुकाट्याने पिशवीत ठेवली.

सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वर बोधिसत्त्व उभे आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना आठ संकटांची दृश्ये आहेत. आग, चोर, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, माजलेला हत्ती, मरण. त्या संकटांत सापडलेली माणसे त्यांचा धावा करीत आहेत. ही व्यापाऱ्यांची, प्रवाशांची भीती. आपल्याकडचे तेर म्हणजे जुने तगर. ‘पेरिप्लस’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तिथून माल पैठणमार्गे भडोचच्या बंदराला जाई. तेव्हा आपल्याच मुलखातल्या गाडीवानांना ही भीती ठाऊक असणार. धावा केल्याने कोणी वाचतो हे आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी बुद्धाला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. पण ते तिथे बोलून दाखवायची आमची छाती झाली नाही, कारण आजी एकेक चित्र बोटाने मोजत होत्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, “यात भूकंप नाही का?”

आम्ही नाही म्हणालो.

आतल्या भिंतीवर नाचणारी स्त्री आणि भोवती वाद्ये वाजविणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापाशी आमच्या ताई-माई पुष्कळ रमल्या. ज्यांना जायचे असेल त्यांनी प्यायचे पाणी आणि भाकरी सोबत न्यावी, गाभाऱ्यासाठी बॅटरी न्यावी, आणि म्हाताऱ्या माणसांना उन्हाआधी वर चढवावे.

उतरल्यावर आजी म्हणाल्या, “आता ते नाव दाखवा.” विद्यापीठाचे गेट तिथून जवळच. आजी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरे शिकलेल्या. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्यांनी ते नाव एकेक अक्षर लावून, ओठ हलवत वाचले. मराठवाडा विद्यापीठापर्यंत आल्यावर पुन्हा सुरुवातीपासून वाचले. मग पिशवीतली मेणबत्ती काढली. वाऱ्याने ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा त्या किल्लीवाल्या पोराने दोन्ही तळहातांचा आडोसा धरला.