भोपाळच्या दफ्तरांचे वर्ष: 2023

भोपाळच्या सरकारी दफ्तरांना 2023 साल दोनदा भोवले. 12 जूनला सातपुडा भवनाच्या तिसऱ्या मजल्यावर आग लागली, ती सहाव्यापर्यंत चढली आणि आदिवासी विकास, आरोग्य वगैरे खात्यांच्या फायली जळाल्या. कागदाच्या भरवशावर राहू नये, असे वाटायला एवढे पुरेसे होते. पण डिसेंबरात फटका बसला तो बिनकागदी कारभारालाच. राज्यातल्या 413 नागरी संस्थांसाठी उभारलेल्या ई-नगरपालिका प्रणालीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला आणि घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले अशी रोजची कामे अडली. आदल्या वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर असेच ठप्प झाले होते. तिथे केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले.

जळालेली फाइल परत येत नाही. कुलूपबंद झालेला डेटा येतो, पण त्याची प्रत वेगळ्या जागी आणि धड अवस्थेत असेल तरच.

देखभाल राहून गेली की काय होते, हे 2017 च्या एका प्रकरणात बारकाव्यांसह उघड झाले. इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी अमेरिकी कंपनी. तिची ग्राहक-तक्रारींची वेबसाइट अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरवर चालत असे. त्यातली त्रुटी दूर करणारा पॅच मार्चमध्येच फुकट उपलब्ध झाला होता. तो बसवायचा राहिला. मे महिन्यात चोर शिरले आणि 76 दिवस कुणाला पत्ता लागला नाही. येणारी-जाणारी माहिती तपासणारे यंत्र होते, पण त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्याने त्याला काही दिसत नव्हते. जुलैअखेर प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले आणि संशयास्पद वर्दळ लगेच नजरेस पडली. तोवर सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली होती.

पॅच बसवणे आणि प्रमाणपत्राचे नूतनीकरण, दोन्ही कामे तशी कारकुनीच. कुणाच्या तरी वहीत त्यांची तारीख लिहिलेली हवी होती, इतकेच.

आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल 2022 मध्ये नियम कडक केले: हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे, लॉग, म्हणजे प्रणालीतल्या हालचालींच्या नोंदी, 180 दिवस जपायचे. मात्र लॉग जपणे निराळे आणि दर आठवड्याला उघडून वाचणे निराळे. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करणे, जुने प्लगइन काढून टाकणे, या कामांचे उद्घाटन होत नाही. म्हणून ती प्रणालीच्या निविदेतच, माणूस आणि पैसा नेमून, लिहून घ्यावी लागतात. आणि ठेकेदाराला ‘बॅकअप आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. तो शेवटचा कधी रिस्टोअर करून पाहिला, त्याची तारीख मागावी.