मांजराच्या पिलाला लस पुन्हा पुन्हा का?

मांजर आपल्या घरात येते ते बहुधा आमंत्रणावाचून. एखादी मांजरी माळ्यावर विते आणि थोड्याच दिवसांत पिलांची मालकी मुलांकडे जाते. पिलांना दूध कोणी पाजायचे यावरून भांडणे होतात. लस टोचण्याचा विचार मात्र क्वचितच कोणाला सुचतो. सुचला, तरी एकदा सुई टोचली की काम झाले, अशी आपली समजूत असते. ही समजूत पिलाच्या जिवावर बेतू शकते.

आपल्या देशात प्रत्येक मांजराला चार रोगांविरुद्ध लस मिळणे आवश्यक होय. पहिला रोग पॅनल्युकोपेनिया. यात रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात; पिलू ओकते, हगवणीने सुकते आणि पुष्कळदा दगावते. याचा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो, आपल्या पायताणांबरोबरही घरात शिरतो. तेव्हा ‘आमचे मांजर उंबरा ओलांडीत नाही’ ही सबब येथे चालत नाही. हर्पीस आणि कॅलिसी या विषाणूंमुळे सर्दी होते, डोळे चिकटतात, तोंडात व्रण पडतात. या तिन्हींची लस एकत्रच टोचतात. चौथा रोग रेबीज. तो माणसालाही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य.

मग एकदा टोचून का भागत नाही? गाईच्या ज्या चिकाचा आपण खरवस करतो, तसाच चीक मांजरीलाही येतो. त्यातून पिलाला आईची प्रतिपिंडे मिळतात. ती रोगापासून रक्षण करतात. पण लशीलाही निष्प्रभ करतात. ही देणगी एखाद्या पिलात आठव्या आठवड्याच्या आतच सरते, तर एखाद्यात सोळाव्यापर्यंत टिकते. वरून पाहून ते कळत नाही. म्हणून 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून दर 3-4 आठवड्यांनी, निदान 16 आठवडे पुरे होईपर्यंत, ही लस देतात. सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एकदा. रेबीजची लस 12 आठवड्यांनंतर, पुन्हा वर्षाने, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी.

या मालिकेत पहिल्या लशीइतकीच, किंबहुना अधिक, मोलाची असते ती सोळाव्या आठवड्यानंतरची. पिलू तोवर धडधाकट बागडू लागलेले असते, आणि नेमकी तीच आपण विसरतो. तिची तारीख आजच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.