विनामूल्य वाचक वर्गणीदार कसा होतो?

मराठी वृत्तपत्रसृष्टीला ‘वर्गणीदार’ हा शब्द नवा नाही. मात्र इंटरनेटवर बातमी विनामूल्य वाचण्याची सवय रुळली आणि वर्गणीदार मागे पडला. त्याला परत आणण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ मध्ये महिन्याला २० लेख विनामूल्य ठेवून पुढील वाचनासाठी शुल्क आकारण्यास प्रारंभ केला, वर्षभराने ही मर्यादा १० लेखांवर आणली. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या ‘सबस्टॅक’ने लेखकांना ईमेलद्वारेच वर्गणीदार मिळविण्याची सोय करून दिली. या वाटेवरील पहिले पाऊल म्हणजे नव्या वाचकाला जाणारा स्वागताचा ईमेल.

या पत्राचे बळ त्याच्या वेळेत आहे. वाचकाने नुकताच स्वतःहून आपला पत्ता दिलेला असतो आणि वृत्तपत्राचे नाव त्याच्या स्मरणात ताजे असते. हेच पत्र आठ दिवसांनी आले, तर ते अनोळखी वाटते. म्हणून पहिले पत्र नोंदणी होताच जावे. कोण लिहिते, काय वाचायला मिळेल आणि कोणत्या दिवशी, एवढेच त्यात स्पष्ट सांगावे. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी विचारण्याआधी कोणी वर्गणीची पावती पुढे करीत नाही.

दोन-तीन दिवसांनी दुसरे पत्र जावे. त्यात वृत्तपत्राचे उत्तम लेखन असावे. तिसऱ्या पत्रात या लेखनामागील खर्च सांगावा. म्हादईच्या पाण्याचा वाद असो वा गावच्या ग्रामसभेतील ठराव, तेथे वार्ताहर पाठवावा लागतो, कागदपत्रे तपासावी लागतात. हे कळल्यावर वर्गणी ही केवळ किंमत राहत नाही. त्यानंतरच रक्कम, मुदत आणि वर्गणीदाराला मिळणारे अधिक वाचन यांचा उल्लेख करून स्पष्ट विनंती करावी. संकोचाने ती टाळणे हीसुद्धा चूकच.

नियमांचे भानही आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वर्गणीच्या वसुलीची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी मिळावी लागते. मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांना ‘जीमेल’ने २०२४ पासून एका क्लिकवर नोंदणी रद्द करण्याची सोय देणे बंधनकारक केले आहे. यशाचे मोजमापही जपून करावे. २०२१ मध्ये ‘ॲपल’ने मेलमध्ये गोपनीयतेची नवी सुविधा आणल्यापासून किती पत्रे उघडली गेली, हा आकडा भरवशाचा राहिलेला नाही. किती वाचकांनी दुवा उघडला, उत्तर लिहिले आणि अखेर वर्गणी भरली, हे पाहणे अधिक योग्य.

छोट्या राज्यातील मराठी वृत्तपत्राला मोठ्या शहरांएवढ्या जाहिराती मिळत नाहीत आणि वाचकसंख्येलाही मर्यादा असते. त्यामुळे येथे प्रत्येक वर्गणीदाराचे मोल अधिक. त्याचा विश्वास पहिल्या पत्रात दिलेल्या वचनावर बसतो आणि ते वचन दर आठवड्याला पाळले गेले तरच टिकतो. शनिवारी पत्र येईल असे सांगितले असेल, तर ते शनिवारीच यायला हवे.