ब्लेकच्या युग्मकवितांतील बालपण : भावस्वर आणि प्रतिमा

प्रस्तावना :

इंग्रजी स्वच्छंदतावादी काव्यात बालपणाला महत्त्वाचे स्थान आहे. विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) याने १७८९ मध्ये 'साँग्ज ऑफ इनोसन्स' हा संग्रह सिद्ध केला आणि १७९४ मध्ये त्याला 'साँग्ज ऑफ एक्स्पिरिअन्स'ची जोड दिली. काही शीर्षके दोन्ही भागांत येतात. अशा जोड्यांची 'सुखी बालपण' व 'दुःखी बालपण' अशी विभागणी करण्याचा मोह होतो. 'द चिम्नी स्वीपर' ही जोडी ही विभागणी अपुरी ठरविते.

सामाजिक पार्श्वभूमी :

त्या काळी लंडनमधील अरुंद धुराड्यांत लहान मुलांना चढवून काजळी काढून घेतली जाई. १७८८ च्या कायद्याने या कामासाठी आठ वर्षांची किमान वयोमर्यादा घातली. परंतु तिची अंमलबजावणी परिणामकारक झाली नाही. ही प्रथा प्रत्यक्षात १८७५ च्या कायद्यानंतरच संपुष्टात आली. दोन्ही कवितांतील मूल हे याच वास्तवातील आहे.

भावस्वर व प्रतिमा :

पहिल्या कवितेत मूल स्वतःच निवेदक आहे. आई वारलेली, वडिलांनी विकलेले. तरीही स्वर शांत आहे. टॉम या सोबत्याचे कोकराच्या लोकरीसारखे केस कापले जातात, तेव्हा आता काजळीने ते मळणार नाहीत, अशी समजूत निवेदक काढतो. टॉमला स्वप्न पडते : काळ्या शवपेट्यांत कोंडलेली मुले, किल्ली घेऊन आलेला देवदूत, हिरवे मैदान, नदी आणि सूर्य. शवपेटी ही येथे धुराड्याचीच प्रतिमा होय. सकाळी मात्र मुले अंधारात उठून पुन्हा कामाला जातात आणि कर्तव्य करणाऱ्यास भय नाही, या आश्वासनावर कविता संपते. स्वप्नातील मुक्ती मृत्यूनंतरची आहे, हे निवेदकाच्या लक्षात येत नाही, वाचकाच्या येते. शिवाय ही धुराडी वाचकाचीच असल्याचे ते मूल सहजपणे सांगून जाते.

दुसरी कविता पहिलीच्या निम्मी, म्हणजे बारा ओळींची आहे. बर्फातील एका काळ्या मुलाला कोणी तरी आईवडिलांविषयी विचारते. ते चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेले आहेत. येथे मूल समजूत काढीत नाही, आरोप करते. आपण अजून नाचतो-गातो, म्हणून आपल्यावर अन्याय झालाच नाही असे पालक मानतात, हे त्याला कळले आहे. ईश्वर, धर्मगुरू व राजा या तिघांनाही ते जबाबदार धरते.

प्रतिमांचे अर्थही पालटतात. पहिल्या कवितेतील शुभ्रता स्वप्नातील नदीत धुतलेल्या देहांची आहे. दुसरीत ती बर्फाची, थंड व परकी आहे. स्वप्नात मुले झोळ्या टाकून उघड्या अंगाने खेळतात. दुसरीतील मुलाच्या अंगावर मृत्यूची वस्त्रे चढविलेली आहेत.

समारोप :

निरागसता व अनुभव या वयाच्या दोन पायऱ्या नव्हेत. दुसरे मूल वयाने मोठे असल्याचे कवी कोठेही सांगत नाही. पहिल्या कवितेतील सांत्वन खोटे नाही, कारण त्याच्या आधारेच मूल जगते. परंतु त्याचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न दुसरी कविता उभा करते. म्हणून अध्यापनात दुसऱ्या कवितेनंतर पहिली पुन्हा वाचणे आवश्यक ठरते. त्या पुनर्वाचनात तिचा शांत स्वरच अधिक अस्वस्थ करतो.