सुधारणेचा उलटा क्रम

हैदराबादच्या आरोग्यव्यवस्थेत गेल्या दोन दशकांत दोन मोठ्या सुधारणा झाल्या, पण वरची, म्हणजे मोठ्या रुग्णालयातली, आधी आणि खालची, म्हणजे वस्तीतली, नंतर. 2007 साली अविभाजित आंध्र प्रदेशात आरोग्यश्री योजना सुरू झाली. गरीब कुटुंबाच्या हृदयशस्त्रक्रियेचे किंवा कर्करोगावरील उपचाराचे पैसे सरकार थेट रुग्णालयाला देऊ लागले, मग ते रुग्णालय खासगी असो वा सरकारी. पुढे महाराष्ट्रानेही तोच साचा घेतला. 2012 साली आलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते.

या योजनांनी अनेक घरे कर्जबाजारी होण्यापासून वाचवली, हे नाकारता येणार नाही. पण त्यांचा भर रुग्णालयात दाखल करून करायच्या उपचारांवर. ताप, रक्तदाब, मधुमेह, रक्ततपासणी, रोजची गोळी या गोष्टी बहुतांशी बाहेरच राहिल्या, आणि सामान्य घराचा पैसा तर याच गोष्टींवर झिरपत जातो. मधुमेहाकडे दहा वर्षे कोणी पाहिले नाही तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते. मग सरकार डायलिसिसचे पैसे भरते. थोडक्यात, स्वस्त उपचार टाळून महाग उपचार फुकट देण्याचा हा व्यवहार होता.

हैदराबादेत मूसी नदीच्या उत्तरेकडील अंबरपेठेत हे नीट दिसते. कामगारवस्त्या, जुनी घरे आणि छोटे व्यवसाय यांनी भरलेला हा भाग मोठ्या सरकारी रुग्णालयांपासून फार दूर नाही. अफझलगंजला उस्मानिया, मुशीराबादला गांधी, आणि शेजारच्या नल्लाकुंट्यात सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाचे साथरोगांचे रुग्णालय, ज्याला लोक फीवर हॉस्पिटल म्हणतात. हिवतापाचा डासाशी असलेला संबंध रॉस यांनी 1897 साली सिकंदराबादेतच सिद्ध केला होता. पण रुग्णालय जवळ असले तरी रांग लहान होत नाही. साध्या खोकल्यासाठी उस्मानियाला गेलेल्या मजुराची दिवसभराची मजुरी बुडते. म्हणून तो गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतो आणि कामावर जातो.

2018 च्या एप्रिलमध्ये हैदराबादेत सुरू झालेले बस्ती दवाखाने, म्हणजे वस्तीतले छोटे सरकारी दवाखाने, नेमक्या या पोकळीत आले. दिल्लीच्या मोहल्ला क्लिनिकचा आदर्श समोर होता. केंद्राच्या नागरी आरोग्य अभियानात सुमारे 50 हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असते. बस्ती दवाखाना पाच ते दहा हजार लोकांसाठी असतो. एक डॉक्टर, एक परिचारिका, एक मदतनीस, आणि जागा महापालिकेची, बऱ्याचदा समाजमंदिरातली. तपासणी आणि औषधे मोफत.

यातली खरी हुशारी तपासण्यांच्या व्यवस्थेत आहे. प्रत्येक दवाखान्यात यंत्रे बसवण्याऐवजी रक्ताचे नमुने तिथे घेऊन नारायणगुड्याच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत पाठवले जातात आणि अहवाल मोबाइलवर येतो. महागडे यंत्र एकाच ठिकाणी, पण त्याचा लाभ शेकडो वस्त्यांना. 2022 साली दवाखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी शनिवारी करण्यात आली. बदल किरकोळ वाटेल. रोजंदारीवरच्या माणसाला तो किरकोळ नाही.

तरी एक उणीव म्हणजे दवाखान्यांची वेळ अजून दिवसाचीच आहे. महाराष्ट्रात 1 मे 2023 पासून राज्यभर सुरू झालेला ‘आपला दवाखाना’ दुपारनंतर रात्री दहापर्यंत चालवण्याचे ठरले. कष्टकऱ्यांच्या दृष्टीने ती वेळ अधिक शहाणपणाची आहे. दुसरी उणीव पाठपुराव्याची. तामिळनाडूने ऑगस्ट 2021 पासून रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे घरपोच देण्यास सुरुवात केली. हैदराबादच्या वस्त्यांनाही तेच हवे आहे.

तिसरी उणीव, मोठ्या रुग्णालयाशी जोडणीची, सर्वांत अवघड. वस्तीतल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेलेल्या रुग्णाला उस्मानियात पुन्हा पहिल्यापासून रांग लावावी लागत असेल, तर तो पुढच्या वेळी थेट उस्मानियालाच जाईल. ब्रिटनमध्ये 1948 पासून आणि थायलंडमध्ये 2002 नंतर बहुतेक नागरिकांची नोंद ठरावीक स्थानिक डॉक्टरकडे किंवा केंद्राकडे असते आणि मोठ्या रुग्णालयाचा रस्ता सहसा तिथूनच जातो. त्यासाठी खालचा डॉक्टर टिकावा लागतो. बस्ती दवाखान्यांतले डॉक्टर कंत्राटी आहेत, आणि कंत्राटावरचा तरुण डॉक्टर पदव्युत्तर प्रवेश मिळताच निघून जाणारच.

पैशाचा प्रश्न अर्थातच आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के वाटा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. तेलंगणाने डिसेंबर 2023 मध्ये आरोग्यश्रीची मर्यादा दहा लाख रुपयांपर्यंत वाढवली. पुढची वाढ मात्र त्या मर्यादेत न होता वस्तीतल्या डॉक्टरच्या कायम नेमणुकीत आणि त्याच्या कपाटातल्या औषधांत व्हायला हवी.