रसाची पारख कोणी करावी?

सिल्वासाच्या परिसरात कारखाने आले ते तेथील माती वा बागा पाहून नव्हे, तर विक्रीकर व आयकर यांतील सवलती पाहून. यात कमीपणा काहीच नाही. परंतु अशा ठिकाणी फळांची पेये भरावयाची म्हटली, की एक अडचण उभी राहते. वलसाडच्या आमराया हाकेच्या अंतरावर असल्या तरी पेयासाठी लागतो तो स्वस्त तोतापुरीचा गर, आणि तो पिंपांतून येतो दक्षिणेतील कृष्णगिरी-चित्तूर भागातून. आंब्याचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, पेय मात्र बारमाही. आपल्या घरी आमरस काढण्यापूर्वी आंबा हातात घेऊन, देठाशी हुंगून पारखला जातो. पिंपातल्या गराला देठ नसतो. त्यात साखर किती, पाणी किती, फळ कार्बाइडने पिकविले होते काय, हे बाटली भरणाऱ्याला डोळ्यांनी कळत नाही. पिणाऱ्याला तर नाहीच नाही.

कायदा आहे, आणि तो जुना आहे. १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाने स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के रस हवा असे ठरविले. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि तो आदेश इतिहासजमा झाला. आजही तयार फळपेयात १० टक्के रस असला, लिंबाच्या पेयात तर ५ टक्के असला, तरी नियम पाळला जातो. वेष्टनावरील रसाळ आंबा पाहून हे कोणाच्या ध्यानात येईल? संहत रसात पाणी मिसळून केलेल्या पेयावर '१०० टक्के फळांचा रस' असे छापू नका, हे सांगण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२४ च्या जूनमध्ये आदेश काढावा लागला. व्यवसायाने हे स्वतःहून केले असते तर तो आदेश निघालाच नसता.

स्वनियमन म्हणजे भिंतीवर टांगलेली प्रतिज्ञा, असा आपल्याकडे समज आहे. अमेरिकेतील बीच-नट कंपनीचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. ही कंपनी तान्ह्या मुलांसाठी सफरचंदाचा शुद्ध रस म्हणून जे विकत होती, ते बव्हंशी साखर, पाणी व रसायने यांचे मिश्रण होते. संहत रस बाजारभावाहून बराच स्वस्त मिळत होता आणि कंपनीतील शास्त्रज्ञांनाही शंका आली होती. तरी खरेदी चालूच राहिली. १९८२ साली हे उघडकीस आणण्यात सफरचंद-प्रक्रिया करणाऱ्यांच्या संघटनेने स्वखर्चाने नेमलेल्या खाजगी गुप्तहेराचा मोठा वाटा होता. त्याने पुरावा समोर ठेवल्यावरही कंपनीने साठा विकून टाकण्याची घाई केली. १९८७ मध्ये तिने गुन्हा कबूल केला व २० लाख डॉलर दंड भरला. संघटनेचा हा पराक्रम परोपकारातून घडला नव्हता. भेसळीचा माल स्वस्त असतो आणि तो प्रामाणिक उत्पादकालाच प्रथम बुडवितो, हे तिला ठाऊक होते. जर्मनीतील रस-उत्पादकांनी तर १९७४ सालीच याच हेतूने संस्था स्थापून कारखान्यांची तपासणी आणि बाजारातील बाटल्यांची परीक्षा सुरू केली.

उलट अनुभवही आहे. १९९६ साली ओडवाला या अमेरिकन कंपनीचा, ताजेपणाच्या नावाखाली निर्जंतुक न केलेला सफरचंदाचा रस पिऊन अनेक लोक आजारी पडले आणि एक मूल दगावले. त्यानंतर २००१ मध्ये तेथील सरकारला रसासाठी टप्प्याटप्प्याच्या धोकानियंत्रणाचा नियम करावा लागला. स्वतःची परीक्षा स्वतःच घेणाऱ्याला स्वतःचे दोष दिसतातच असे नाही.

म्हणून सिल्वासा, वापी व वलसाड येथील पेय-उत्पादकांनी एकत्र येऊन गराच्या प्रत्येक पिंपाची नोंद ठेवावी, सामाईक प्रयोगशाळा चालवावी आणि आपल्याच सभासदांच्या बाटल्या दुकानातून विकत घेऊन तपासाव्यात. दोषी आढळेल त्याचे नाव सरकारी अधिकाऱ्याला कळविण्याची तयारी नसेल, तर हा खटाटोप न केलेला बरा. अशा संघटना बड्यांच्या हाती जाऊन छोट्यांना दडपतात, ही भीती मात्र खोटी नाही. यासाठी वर्गणी उलाढालीच्या प्रमाणात असावी, नमुना उचलणारा मनुष्य कोणत्याही कारखान्याच्या पगारावर नसावा, आणि घरगुती कोकम आगळ काढणाऱ्या आमच्या किनाऱ्यावरील बाईलाही परवडणाऱ्या दरात त्या प्रयोगशाळेकडे बाटली पाठविता यावी.